रक्त येतं म्हणून ब्रश थांबवू नका

ब्रश करताना थुंकीत रक्ताची रेघ दिसली की बरेच जण त्या बाजूचे दात घासायचंच सोडतात. दोन दिवस मिठाच्या पाण्याच्या गुळण्या होतात, रक्त थांबल्यासारखं वाटतं आणि विषय मागे पडतो. खरं तर जिथून रक्त येतं, तिथेच नीट घासायची गरज सगळ्यात जास्त असते.

दात आणि हिरडी यांच्यामध्ये एक बारीक फट असते. निरोगी तोंडात तिची खोली साधारण १ ते ३ मिलिमीटर. तिच्या काठावर जिवाणूंचा पांढुरका, चिकट थर रोज धरतो. हाच प्लाक. पावसाळ्यात चिऱ्याच्या गडग्यावर शेवाळ धरतं, वरून कितीही पाणी वाहिलं तरी जात नाही, खरवडावंच लागतं. प्लाकचंही तसंच आहे. गुळण्यांनी तो निघत नाही. तसाच राहिला तर लाळेतली खनिजं त्यात बसतात आणि काही दिवसांतच त्याचं कीटण होतं. कीटण मग कुठल्याही ब्रशला दाद देत नाही.

डेन्मार्कमध्ये हाराल्ड लो या संशोधकाने १९६५ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी हिरड्यांच्या बारा जणांना दात घासणं बंद करायला सांगितलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. म्हणजे या टप्प्यावरचा आजार आपल्याच हाताने परतवता येतो.

पुढच्या टप्प्यावर मात्र तसं नाही. सूज खाली उतरते, हिरडी दातापासून सुटते आणि दाताला धरून ठेवणारं हाड झिजायला लागतं. गेलेलं हाड आपोआप भरून येत नाही. आणि हे सगळं बहुतेक वेळा न दुखता चालतं! दाताचे डॉक्टर मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई फटीत हलकेच सरकवतात आणि एकेका दाताभोवती सहा ठिकाणी खोली मोजतात. ‘तीन, दोन, तीन’ ऐकू आलं तर ठीक. ‘पाच, सहा’ आलं, तर दात हलत नसला तरी उपचार लगेच हवेत.

गोव्यात या विषयाला आणखी एक गंभीर बाजू आहे. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं सर्वाधिक प्रमाण गोव्यात आढळलं: २० वर्षांवरच्या लोकांमध्ये २६.४ टक्के. देशाचा आकडा ११.४ टक्के होता. साखर जास्त राहिली की हिरड्यांचा संसर्ग बळावतो, आणि हिरड्यांमधली सततची सूज साखर आटोक्यात येऊ देत नाही. उलट, हिरड्यांचे उपचार नीट झाले की मधुमेहींचं एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारा रक्ततपासणीतला आकडा, तीन-चार महिन्यांत सरासरी ०.४ टक्क्याच्या आसपास उतरतं, असं अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासातून दिसलं आहे. चवथीच्या गोड नेवऱ्यांवरून घरोघरी मधुमेह्यांना टोकलं जातं. हिरड्यांबद्दल मात्र कुणीच विचारत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

दुसरी गोष्ट मशेरीची. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि बोटाने हिरड्यांवर चोळायची. घरातल्या कित्येक आई-आज्यांना ती दात घासण्याचीच रीत वाटते. पण ती तंबाखूच आहे. निकोटिन तोंडाच्या आवरणातून थेट रक्तात जातं, म्हणून सकाळी मशेरी मिळाली नाही तर चैन पडत नाही. जिथे ती रोज चोळली जाते, तिथली हिरडी मागे सरते, दाताचं मूळ उघडं पडतं. तोंडाच्या कर्करोगाचा धोका वेगळाच. सिगारेट-विडी ओढणाऱ्यांची तर फसगतच होते. त्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं, त्यामुळे आत आजार वाढत असतानाही सगळं ठीक वाटतं.

करायचं काय, ते थोडक्यात. मऊ ब्रश घ्या, तो हिरडीच्या काठावर ४५ अंशांत तिरपा धरा आणि जागच्या जागी हलकेच हलवा. दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटं. रात्रीचं घासणं चुकवू नका. दोन दातांमध्ये ब्रश पोचत नाही, तिथे फ्लॉस किंवा फटींसाठी मिळणारा छोटा ब्रश वापरा. आठवडाभर असं करूनही रक्त येत राहिलं तर डॉक्टरांकडे जा. गरोदरपणात संप्रेरकांमुळे हिरड्या लवकर सुजतात, त्या महिन्यांत तर जास्तच जपा.

स्केलिंगने, म्हणजे डॉक्टरांनी कीटण खरवडून काढल्याने, दात हलतात, ही भीती अजून गेलेली नाही. कीटणाने बुजलेली फट ते निघाल्यावर मोकळी दिसते, थोडे दिवस गार पाणी लागतं, एवढंच. खासगी दवाखाना परवडत नसेल तर बांबोळीला गोवा दंत महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. मधुमेह असेल तर जाताना साखरेचे जुने रिपोर्ट सोबत न्या, आणि मशेरी लावत असाल तर तेही तिथे न लाजता सांगा.