टीएलडी बॅज : वाचन व चाचणी

क्ष-किरण कक्ष, कॅथलॅब, किरणोपचार व अणुवैद्यक विभागांतील कर्मचारी छातीवर लावतात तो औष्णिक-दीप्ती मात्रामापक (टीएलडी), म्हणजे अंगावर पडलेल्या किरणोत्साराची मात्रा साठवून ठेवणारा आणि तापवल्यावर ती प्रकाशरूपाने दाखवणारा बॅज. भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेल्या भारतीय बॅजमध्ये ॲल्युमिनियमच्या पट्टीवर तीन चकत्या असतात. डिस्प्रोशियममिश्रित कॅल्शियम सल्फेट टेफ्लॉनमध्ये मिसळून केलेली प्रत्येक चकती सुमारे १३ मिमी व्यासाची, ०.८ मिमी जाडीची असते.

हे द्रव्य निदानातल्या कमी ऊर्जेच्या क्ष-किरणांना गॅमा किरणांपेक्षा कित्येक पट जास्त प्रतिसाद देते, त्यामुळे एका चकतीचा आकडा दिशाभूल करतो. म्हणून पहिल्या चकतीवर तांबे व ॲल्युमिनियमची गाळणी, दुसरीवर प्लास्टिकची आणि तिसरीसमोर उघडी खिडकी. पहिलीचे वाचन दुसरीच्या मानाने फार कमी आले तर क्ष-किरण, जवळपास सारखे आले तर गॅमा. फक्त तिसरीच चढली तर बीटा. हे गुणोत्तर पाहूनच मात्रा काढतात. पट्टीची खाच असममित असते. पट्टी उलटी बसली तर गाळण्या आणि चकत्यांची जोडी मोडते व सगळा हिशेब चुकतो.

वाचकयंत्रात तप्त नायट्रोजनने चकती सुमारे २८५° से. पर्यंत तापवतात आणि बाहेर पडणारा मंद प्रकाश प्रकाशगुणक नलिका (अंधुक प्रकाशाचा विद्युत संकेत वाढवून देणारी नळी) मोजते. तापवताच साठलेली नोंद पुसली जाते, म्हणजे संधी एकच! त्यामुळे बॅज वाचण्याआधी संदर्भ प्रकाशस्रोतावर यंत्राची संवेदनशीलता पाहतात आणि सीझियम-१३७ ची ज्ञात मात्रा दिलेल्या पट्ट्या वाचून अंशांकन करतात, म्हणजे किती प्रकाश म्हणजे किती मात्रा हे ठरवतात. दीप्तिवक्र, म्हणजे तापवताना प्रकाश कसा चढत-उतरत गेला त्याचा आलेख, जपून ठेवणे अगत्याचे: मळलेली चकतीही प्रकाश देते, पण तिचा वक्र नेहमीच्या आकाराचा नसतो. पुनर्वापरापूर्वी पट्ट्या २३०° से.ला चार तास तापवतात.

बॅजच्या रचनेची चाचणी ३०×३०×१५ सेंमीच्या पाण्याच्या ठोकळ्यावर बॅज लावून घेतात, कारण छातीवरून परत फिरणारे किरणही मोजात येतात. वार्षिक मर्यादेच्या आसपास दीडपटीपर्यंतचा फरक ग्राह्य धरतात.

बऱ्याच चुका प्रयोगशाळेबाहेर होतात. बॅज लेड ॲप्रनच्या (किरण अडवणाऱ्या शिशाच्या झग्याच्या) आत लावायचा असतो. बाहेर लावला तर शरीराला न मिळालेली मात्रा नोंदली जाते. नियंत्रण बॅज, म्हणजे कुणीही न लावलेला तुलनेचा बॅज, किरणक्षेत्रापासून दूर ठेवायचा, कारण नैसर्गिक पार्श्वभूमीच्या किरणांची मात्रा म्हणून त्याचे वाचन इतर बॅजच्या वाचनातून वजा होते. तो क्ष-किरण कक्षातच ठेवला तर सगळ्यांची मात्रा खोटी कमी दिसते. भारतात पाच वर्षांची सरासरी मर्यादा वर्षाला २० मिलिसीव्हर्ट (शरीराला मिळालेल्या मात्रेचे एकक), एका वर्षात कमाल ३० आहे. तिमाहीत १० च्या वर वाचन आले की चौकशी होते, आणि ॲप्रनसह बॅज कक्षातल्या खुंटीवर लटकत राहिला होता का, हे तिथे आधी विचारावे लागते.