रोप थंडीनं गेलं की पन्नीनं? हिवाळ्यात टोमॅटोची रोपं नेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

डिसेंबर लागला की आमच्या नागपूरच्या रोपवाटिकेत रोज एकच तक्रार येते. ‘भाऊ, रोपं थंडीनं मेली, बदलून द्या.’ कोणी कळमेश्वर-सावनेरकडून अख्खा ट्रे घेऊन येतं, कोणी मानेवाड्याच्या गच्चीवरची कुंडी उचलून आणतं. आम्ही वाद घालत नाही. मेलेलं रोप मुळासकट उपटतो आणि ग्राहकासमोरच त्याचा गळा पाहतो.

गळा म्हणजे मातीला लागून असलेलं खोड. तो तपकिरी होऊन दोऱ्यासारखा बारीक झाला असेल, रोप आडवं पडलं असेल आणि वरची पानं मात्र अजून हिरवी असतील, तर ते थंडीनं गेलेलं नाही. ही मर आहे, म्हणजे ओलाव्यातली बुरशी. थंडीनं गेलेलं रोप वेगळं दिसतं. त्याची शेंड्याची कोवळी पानं आधी उकडल्यासारखी पाणचट होतात, दुपारपर्यंत काळी पडून लोंबतात, पण गळा शाबूत असतो. आमच्याकडे परत येणाऱ्या रोपांत पहिला प्रकारच जास्त असतो. ही मर बहुतेक वेळा थंडीपासून वाचवण्याच्या धडपडीतूनच होते, म्हणून हे माहितीपत्रक काढलं आहे.

होतं ते असं. पेपरात ‘पारा ८ अंशांवर’ वाचून माणूस घाबरतो. वाफ्यावर किंवा कुंडीवर प्लास्टिकची पन्नी टाकतो, कडा विटांनी दाबतो, आणि ‘रात्री ऊब राहील’ म्हणून संध्याकाळी झारीनं पाणी घालतो. रात्र निभते. सकाळी कामाची घाई असते, पन्नी तशीच राहते. आता नागपूरचा हिवाळा कसा आहे ते आठवा. जानेवारीत पहाटे सरासरी १२-१३ अंश असतात, पण दुपारी पारा २८ च्या आसपास जातो. बंद पन्नीखाली त्याच दुपारी ४० च्या वर तापतं. आतली वाफ थेंब होऊन पानांवर आणि गळ्यावर पडते, हवा खेळत नाही, माती दिवसभर ओलीच राहते. बुरशीला याहून चांगली जागा मिळत नाही. दोन-तीन दिवस असेच गेले की रोपं कोलमडू लागतात, आणि नाव थंडीचं होतं.

म्हणून पन्नी घालण्यापेक्षा ती काढण्याची वेळ जास्त जपा. सूर्य मावळता मावळता झाका, सकाळी उन्हाचा कोवळेपणा सरायच्या आत, म्हणजे ९ पर्यंत, उघडा. घरात सकाळी उघडणारं कोणी नसेल तर पन्नी घालूच नका. उघडं राहिलेलं रोप नागपूरच्या बहुतेक रात्री काढतं. बंद राहिलेल्या रोपाला दुपार झेपत नाही.

झाकण पानाला टेकू देऊ नका. पन्नी जिथे पानाला चिकटते तिथे थंडी सरळ पानात उतरते आणि सकाळी नेमका तेवढाच भाग जळालेला दिसतो. तारेच्या किंवा बांबूच्या कमटीच्या कमानी करा आणि त्यावर झाका. पन्नीपेक्षा क्रॉप कव्हरचं पांढरं विणविरहित कापड बरं, कारण त्यातून हवा आणि थोडं ऊन आत जातं, त्यामुळे एखाद्या सकाळी उघडायला उशीर झाला तरी रोपं उकडत नाहीत. आम्ही १७ जीएसएमचं, म्हणजे चौरस मीटरला १७ ग्रॅम वजनाचं कापड ठेवतो आणि कमानींसह वाफ्याच्या मापानं कापून देतो. पण घरी जुनं धोतर, सुती साडी किंवा गोणपाट असेल तर आधी तेच वापरा, रात्रीपुरतं चांगलं चालतं. गोणपाटातून ऊन येत नाही, तेव्हा तेही सकाळी काढायचंच. दोन-चार रोपांसाठी पाण्याच्या बाटलीचं बूड कापून ती रोपावर झाकली तरी पुरे. बूच मात्र काढून ठेवा.

पाण्याचं गणित लोकांना उलटं वाटतं, म्हणून नीट सांगतो. ओली जमीन दिवसा ऊब साठवते आणि रात्री सोडते, हे खरं आहे. त्यामुळे कडाक्याची रात्र येणार असेल तर त्या दिवशी सकाळी १० ते दुपारी २ च्या दरम्यान जमिनीला हलकं पाणी द्या. विहिरीचं पाणी हिवाळ्यात कोमट असतं, ते उत्तम. संध्याकाळी मात्र पाणी नको आणि पानांवर तर मुळीच नको. आपली काळी माती पाणी धरून ठेवते. चार बोटं खाली माती हाताला ओली लागत असेल तर त्या दिवशी पाणी देऊच नका.

थंडी आमच्याकडे खोटी नाही, तेही सांगायला हवं. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर आला होता. पेपरातला आकडा जमिनीपासून साधारण चार फुटांवर, पेटीत ठेवलेल्या तापमापकाचा असतो. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर मोकळ्या वावरात जमिनीलगत त्याहून दोन-चार अंश कमी असतं. २०१८ च्या त्या सकाळी आमचे कडेचे उघडे राहिलेले ट्रे काळे पडले, झाकलेले सगळे वाचले. म्हणून नुसता आकडा पाहू नका, संध्याकाळचं आभाळ पाहा. ढग असतील तर निवांत झोपा. चांदण्या लखलखीत आणि वारा थांबलेला असेल तर झाका. नाल्याकाठच्या खोलगट वावरात गार हवा साचते, तिथे आधी झाका. गच्चीवाल्यांनी कुंड्या दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीलगत, सज्जाखाली सरकवाव्या. दिवसभर तापलेली भिंत रात्री ऊब देते. वावराच्या उत्तरेला पऱ्हाटी किंवा तुऱ्हाटीचा, म्हणजे कपाशी-तुरीच्या वाळलेल्या काड्यांचा आडोसा केला तर गार वाऱ्याचा मारा बराच कमी होतो.

आता आमच्याबद्दलची एक तक्रार. ‘तुमची रोपं बुटकी आणि जांभळट, शेजारच्याकडची उंच हिरवीगार.’ आम्ही रोपं देण्याआधी चार-पाच दिवस शेडनेटमधून बाहेर काढतो आणि पाणी कमी करतो. त्यानं खोड जाड होतं आणि रोपाला रात्रीची सवय लागते. तापमान १० अंशांखाली राहिलं की टोमॅटोची वाढ थांबते. गार मातीत मुळांना स्फुरद (फॉस्फरस) नीट उचलता येत नाही, म्हणून पानाची खालची बाजू जांभळी दिसते. ऊब आली की आठवडाभरात रंग परततो. त्यासाठी वरून खत टाकू नका, विशेषतः युरिया. त्यानं पान लुसलुशीत होतं आणि थंडीला आधी तेच बळी पडतं. सावलीत वाढलेलं उंच रोप देणं आम्हाला सोपं आहे, त्यात आमचे पाच दिवस वाचतात. पण ते वावरात उभं राहत नाही. थंडीची लाट असताना आम्ही ठरलेली डिलिव्हरी दोन-तीन दिवस पुढे ढकलतो, तेही याच कारणानं. लावणीची घाई असते हे कळतं. पण गार जमिनीत बसलेलं रोप पंधरा दिवस तसंच राहतं आणि नंतर लावलेलं त्याला गाठतं.

घरी नेल्यावर एक रात्र ट्रे अंगणात, आडोशाला ठेवा. लावणी दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर, दुपारी ३ नंतर करा आणि लावताना फक्त मुळापाशी वाटीभर पाणी द्या. संध्याकाळच्या पाण्याला एवढा एकच अपवाद. मर दिसलीच तर कोलमडलेली रोपं उपटून लांब टाका, पाणी थांबवा, आणि उरलेल्यांच्या मुळाशी कॉपर ऑक्सिक्लोराइड १० लिटर पाण्यात २५ ते ३० ग्रॅम घालून ओता. ट्रायकोडर्मा आधीच वापरत असाल तर दोन्ही एकत्र करू नका, तांब्याचं औषध त्या चांगल्या बुरशीलाही मारतं.

रोप जमिनीलगत करवतल्यासारखं कापलेलं सापडलं तर ती कुरतडणारी अळी. सकाळी त्याच रोपाशी बोटभर माती उकरा, गुंडाळी होऊन बसलेली सापडेल. फेब्रुवारीत ऊन वाढलं की पांढरी माशी येते आणि पर्णगुच्छ, म्हणजे पानं आकसवणारा विषाणूरोग पसरवते. त्यावर उपाय लावणीनंतर शोधून फारसा उपयोग नसतो, म्हणून आम्ही रोपं पहिल्या दिवसापासून ५० मेशच्या, म्हणजे इंचाला ५० छिद्रांच्या जाळीत वाढवतो. आमचा भाव चार आणे जास्त आहे तो या जाळीचा. क्रॉप कव्हर दिवसाही झाकलेलं ठेवलंत तर लावणीनंतरचे २०-२५ दिवस माशीही आत येत नाही. फुलं लागली की कव्हर काढून टाका. रोह्यांना (नीलगायींना) आणि माकडांना त्यानं काही फरक पडत नाही, त्यांच्यासाठी कुंपणच लागतं.

मेलेलं रोप घेऊन याल तेव्हा मुळासकट, मातीसकट आणा. थंडीनं गेलेलं असेल आणि रोपं नेऊन तीन दिवसांच्या आत असाल तर आम्ही बदलून देतो. गळा बारीक झालेला असेल तर बदलून देणार नाही, पण उरलेली वाचवायला काय करायचं ते बसवून सांगू. रोपं न्यायला सकाळी ९ नंतरच या. त्याआधी आमचे ट्रे झाकलेले असतात आणि कोणासाठीही उघडत नाही.