मृगाआधी अर्थिंगला पाणी द्या

मे महिन्यात विदर्भातल्या काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ओलावा गेला की मातीतून वीज नीट वाहत नाही, माती आकसून अर्थिंगच्या पाइपापासून सुटते आणि घराचं अर्थिंग नावापुरतं उरतं. नेमकी त्याच सुमाराला रोहिणी-मृगाची वादळं येतात. म्हणून महागडा स्टॅबिलायझर घेण्याआधी अंगणातला अर्थिंगचा खड्डा उघडून बघा, असं माझं ठाम मत आहे.

घरात येणारी वीज २३० व्होल्टची. जवळपास कुठे वीज पडली, तरी तारांमध्ये काही मायक्रोसेकंदांपुरता हजारो व्होल्टचा झटका तयार होतो. ती तारेवरच पडायला हवी असं नाही. एमसीबी, म्हणजे मेनबोर्डातला आपोआप पडणारा स्विच, त्याला अडवत नाही. ती जादा करंटला पडते, आणि पडेपर्यंत टीव्हीचा बोर्ड गेलेला असतो. हे काम एसपीडीचं, म्हणजे सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइसचं. त्यात झिंक ऑक्साइडची चकती असते. एरवी ती वीज जवळजवळ जाऊच देत नाही. व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की क्षणात वाट मोकळी करून झटका अर्थिंगकडे वळवते, धरणाच्या सांडव्यासारखी. पण सांडव्यापुढे नालाच नसेल, तर पाणी शेतात घुसणारच. इथेही तो झटका डिशच्या केबलसारखी दुसरी वाट शोधतो. म्हणून उन्हाळाभर खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतायचं, गंजलेला नटबोल्ट बदलायचा. वायरमनला एवढं आवर्जून सांगा की एसपीडीच्या जोडतारा आखूड हव्यात, सगळ्या मिळून अर्ध्या मीटरच्या आत. तार लांबली की बचाव तेवढाच कमी होतो.

दुसरं दुखणं वेगळं, आणि गावात ते घरातली बरीच उपकरणं जाळतं: डीपीवरचा (ट्रान्सफॉर्मरवरचा) किंवा खांबावरचा न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार, तुटणं. मग वेगवेगळ्या फेजवरची, म्हणजे वीज आणणाऱ्या वेगवेगळ्या तारांवरची, घरं दोन फेजच्या मध्ये, सुमारे ४०० व्होल्टवर, एकापाठोपाठ जोडली जातात. ज्या घरात कूलर आणि मोटर चालू, तिथे व्होल्टेज उतरतं. जिथे फक्त टीव्ही आणि एक बल्ब, त्याच्या वाट्याला ते जास्त येतं. एका घरचे दिवे मिणमिणले आणि शेजारचे एकदम डोळे दिपवू लागले, तर लगेच मेन स्विच बंद करा आणि लाईनमनला फोन लावा. इथे एसपीडी कामाचा नाही; मिनिटं न् मिनिटं टिकणाऱ्या जादा व्होल्टेजने तो स्वतःच जळतो. त्यासाठी व्होल्टेज चढताच लाईन तोडणारा ओव्हर-व्होल्टेज प्रोटेक्टर मेनबोर्डात हवा.

काही घरांत अर्थिंगचा खर्च वाचवायला सॉकेटची तिसरी पिन न्यूट्रललाच जोडून देतात. हे कृपा करून करू नका, केलं असेल तर आजच काढा. घराकडे येणारा न्यूट्रल तुटला, की चालू असलेल्या बल्बमधून फेज मागे फिरून थेट कूलरच्या लोखंडी अंगावर येतो, आणि पाणी भरायला गेलेला हात त्याच पत्र्याला लागतो.