काडतुसांचे पुनर्भरण : खर्च आणि बचत

रायफलीतून झाडलेल्या काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी फेकून न देता तिच्यात नवा प्रायमर (आघाताने पेटून दारूला आग देणारी बुडाची छोटी टोपी), बंदुकीची नवी दारू आणि नवी गोळी बसवून काडतूस पुन्हा तयार करणे, म्हणजे पुनर्भरण किंवा रीलोडिंग. अमेरिकेत असंख्य नेमबाज आणि शिकारी हे काम घरीच करतात. स्वतःपुरती काडतुसे भरायला तिथे केंद्रीय परवाना लागत नाही. विक्रीसाठी भरायची तर लागतो. भारतात मात्र १९५९ च्या शस्त्र अधिनियमामुळे परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही.

काडतुसाच्या चार घटकांपैकी तीन एकदाच वापरता येतात; पुंगळी टिकते. रायफलीची चांगली पुंगळी साधारण पाच ते दहा वेळा भरता येते, मग तिचे तोंड चिरते किंवा बुडाजवळची भिंत पातळ होते. सगळी बचत या पुंगळीभोवती फिरते. १८७० च्या दशकात उत्तर अमेरिकेच्या माळरानावर बायसनची शिकार करणारे व्यावसायिक शिकारी तळावर बसून आपल्या पुंगळ्या भरत, कारण तयार काडतूस महाग होते आणि गाव दूर. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅन्ससच्या ब्रूस हॉजडन यांनी सैन्याची उरलेली दारू विकत घेऊन नेमबाजांना स्वस्तात विकली. १९५८ मध्ये रिचर्ड ली यांनी हातोडीने वापरायचा छोटा स्वस्त संच बाजारात आणला आणि हा छंद सामान्य माणसाच्या आवाक्यात आला.

बचत होते का, याचे उत्तर कोणते काडतूस भरायचे यावर अवलंबून आहे. दारू ग्रेनमध्ये मोजतात. एका पाउंडात ७,००० ग्रेन. तेवढ्या दारूत .२२३ रेमिंग्टन या लहान आकाराची सुमारे २८० काडतुसे होतात, तर .३०८ विंचेस्टर या मोठ्या आकाराची सुमारे १६०. दारू पाउंडाला ४५ डॉलर, प्रायमर ८ सेंट आणि प्रेस (दाबयंत्र), डाय (पुंगळीला आकार देणारे साचे), तराजू असे साहित्य ६०० डॉलरचे धरू. हे आकडे हिशेबापुरते घेतले आहेत. भाव सतत बदलतात. सरावाच्या .२२३ मध्ये १२ सेंटची गोळी आणि मैदानावर वेचलेली फुकटची पुंगळी घेतली, तर काडतूस ३६ सेंटला पडते. तयार काडतूस ५० सेंटला मिळत असेल तर वाचले १४ सेंट. साहित्याचे पैसे फिटायला ४,३०० च्या आसपास काडतुसे भरावी लागतील. साध्या प्रेसवर सगळी कामे धरून तासाला पन्नासेक काडतुसे होतात, म्हणजे तासाची कमाई ७ डॉलर. अमेरिकेचे केंद्रीय किमान वेतनही ७.२५ डॉलर आहे.

स्पर्धेच्या दर्जाच्या .३०८ चा हिशेब अगदी वेगळा. ४५ सेंटची गोळी, २८ सेंटची दारू, प्रायमर आणि दहा वेळा चालणाऱ्या एक डॉलरच्या पुंगळीचे १० सेंट, असे मिळून ९१ सेंट होतात. तयार काडतूस पावणेदोन डॉलरला असेल तर साहित्याचा खर्च सातशेएक काडतुसांत वसूल होतो. .३३८ लापुआ मॅग्नमसारख्या मोठ्या, महागड्या काडतुसात तो आणखी लवकर फिटतो. वर्षाला एकच खोके झाडणाऱ्या शिकाऱ्याला मात्र कुठल्याही काडतुसात फायदा दिसणार नाही.

कागदावरची ही बचत प्रत्यक्षात खिशात उरतेच असे नाही. काडतूस स्वस्त पडले की नेमबाज जास्त झाडतो. महिन्याचा खर्च तोच राहतो, सराव वाढतो. जिद्दीने सराव करणाऱ्यासाठी हा मोठाच लाभ आहे, पण त्याला बचत म्हणणे चुकीचे. आपल्या रायफलीला मानवेल असे भरल्याने अचूकता वाढते, आणि पुष्कळांचे खरे कारण तेच असते. टंचाईतही साठा कामाला येतो. २०२०-२१ मध्ये तयार काडतुसांबरोबर प्रायमरही दुकानांतून गायब झाले. ज्यांनी आधी घेऊन ठेवले होते तेच भरत राहिले. दारू आणि प्रायमर घरपोच मागवले तर धोकादायक मालाचे वेगळे शुल्क पडते, म्हणून लोक एकत्र मागवतात.

काटकसर कुठे करू नये हेही सांगायला हवे. तराजू आणि दारू-कंपन्यांनी छापलेले अधिकृत तक्ते यांना पर्याय नाही. दारूचा प्रकार किंवा वजन चुकले तर रायफल फुटू शकते आणि माणूस कायमचा जायबंदी होऊ शकतो.

काही काडतुसांना पुनर्भरण लागूच पडत नाही. .२२ रिमफायरमध्ये प्रज्वलक मिश्रण पुंगळीच्या कडेतच भरलेले असते आणि आघाताने ती कड चेपते. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलीच्या ज्या प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्यात हीच काडतुसे वापरतात. तिथे प्रत्येक काडतूस विकतच घ्यावे लागते. बर्डन पद्धतीच्या पुंगळ्यांना बुडाशी दोन बारीक छिद्रे असतात, त्यामुळे जुना प्रायमर सुईने ढकलून काढता येत नाही. मधोमध एकच छिद्र असलेल्या बॉक्सर पुंगळ्या म्हणूनच लोकप्रिय आहेत. यात मौजेची गोष्ट अशी, की या पद्धती शोधणाऱ्यांपैकी बर्डन अमेरिकन आणि बॉक्सर इंग्रज, पण अमेरिकेत चलन बॉक्सरचे.

उलट, ज्या जुन्या रायफलींची काडतुसे आता कोणताच कारखाना बनवत नाही, त्यांच्या मालकांपुढे भावाच्या तुलनेचा प्रश्नच येत नाही. ते दुसऱ्या काडतुसाची पुंगळी कापून, दाबून हव्या त्या आकारात आणतात आणि मग भरतात.