रोग सूर्यफुलाला, घर गाजर गवतात

1997 मध्ये कर्नाटकात बागेपल्लीच्या बाजूला सूर्यफुलाची झाडं करपायला लागली. पानाचा एखादा भाग काळपट पडून वाळायचा, मग तेच वाळणं देठातून खोडात उतरायचं, शेंडा वाकडा व्हायचा आणि रोग लवकर लागला असेल तर झाड सरळ मरायचंच, उशिरा लागला तर फूल वेडंवाकडं आणि दाणे पोचट. ह्याला नेक्रोसिस म्हणतात. शोध घेतल्यावर निघाला टोबॅको स्ट्रीक व्हायरस, म्हणजे नाव तंबाखूचं आणि मार सूर्यफुलाला! ह्याच व्हायरसने 2000 साली आंध्र प्रदेशातल्या अनंतपूर जिल्ह्यात सुमारे 2.25 लाख हेक्टर भुईमुगाला झोडपलं.

आता हा येतो कुठून? तर गाजर गवतातून, म्हणजे आपलं काँग्रेस गवत, जे पुण्यात 1955-56 च्या सुमारास लोकांच्या नजरेत आलं आणि नंतर देशभर पसरलं. गंमत अशी की व्हायरस अंगात असूनही ते हिरवंगार दिसतं, काही कळतच नाही. त्याच्या परागात व्हायरस असतो, फुलकिडे त्या फुलात लोळून अंगाला पराग चिकटवून सूर्यफुलावर येतात आणि पान खरवडतात, त्या जखमेतून व्हायरस आत. किडा इथे नुसता हमाल.

मग हा रोग लागूनही तग धरणारं, म्हणजे सहनशील वाण कसं शोधायचं? रोगट पानांचा रस काढायचा, कोवळ्या रोपाच्या पानावर बारीक खरखरीत पावडर टाकून तो चोळायचा आणि वाट बघायची. शिवाय रोग दरवर्षी येतो अशा ठिकाणी लावून बघायचं, मधे मधे लगेच आजारी पडणाऱ्या वाणाच्या ओळी ठेवून, म्हणजे रोगाला चुकायला जागाच नको. कारण शेतात झाड निरोगी राहिलं म्हणजे ते दणकट असेल किंवा त्याच्यापर्यंत व्हायरस पोचलाच नसेल, हे नुसतं बघून सांगता येत नाही. ऑस्ट्रेलियात सेंट्रल क्वीन्सलँडमध्येही हाच व्हायरस, हेच गवत, तिथेही हायब्रीड असेच शेतात तपासले गेले.

पण सहनशील म्हणजे प्रतिकारक नव्हे. प्रतिकारक झाड व्हायरसला वाढू देत नाही, सहनशील झाड त्याला घरात ठेवून घेतं आणि तरी दाणे भरतं. मला इथेच जरा खटकतं. कमकुवत झाड फुलायच्या आधीच मेलं तर त्याचा पराग पुढे जात नाही, पण सहनशील झाड आजारी असूनही फुलणार, मग त्याच्याच परागातून व्हायरस शेजारी गेला तर?

म्हणून बियाण्यावर सगळं सोडून चालत नाही. कडेने ज्वारीच्या 3-4 ओळी सूर्यफुलाच्या आधी पेरायच्या म्हणजे वाऱ्याबरोबर येणारे फुलकिडे थोडे अडतात, बियाण्याला इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक लावतात तेही ठीक, पण किडे बाहेरून येतच राहतात. गवत उपटायचं ते फुलायच्या आधी, आणि हातमोजे घालून, त्याने अंगाला खाज सुटते. आपला बांध साफ होतो हो, रस्त्याकडेचं आणि शेजारच्या पडीक रानातलं कोण काढणार?