पणजोबांची जन्मतारीख १ जूनच का निघते?

शाळेच्या जनरल रजिस्टरात पणजोबांचा जन्म १ जूनचा लिहिलेला दिसला, तर ती तारीख खरी धरू नका. घरच्यांना तारीख ठाऊक नसे. मास्तर अंदाजाने वय धरत आणि शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होई म्हणून १ जून टाकत. त्या ओळीतले मुलाचे, वडिलांचे आणि गावाचे नाव भरवशाचे; जन्मसाल मात्र दोन-तीन वर्षे मागेपुढे धरावे. कागद ज्या कामासाठी लिहिला, त्या कामापुरताच तो पक्का असतो.

वंशावळीचा शोध आपल्यापासून मागे न्यावा. सातबाऱ्यावर नावाशेजारी वर्तुळात जो आकडा असतो, तो फेरफार क्रमांक, म्हणजे जमिनीच्या हक्कातील बदलाच्या नोंदीचा क्रमांक. तलाठी कार्यालयातून किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षातून त्या फेरफाराची नक्कल काढली की, तो वारसाचा असेल तर, कोण मयत झाला आणि वारस कोण, हे एकाच जागी मिळते. पण वर्दी, म्हणजे मृत्यूची व वारसांची खबर, कित्येकदा वर्षानुवर्षे उशिरा दिली जाई, त्यामुळे फेरफाराची तारीख ही मृत्यूची तारीख समजू नये. मृत्यूसाठी गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक (गावची जुनी जन्म-मृत्यूची नोंदवही), पाहावे.

गाव कोल्हापूरकडचे असेल, तर कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले, हे ध्यानात ठेवावे. त्याआधीच्या संस्थानी कागदांसाठी कोल्हापूरचे पुराभिलेखागार गाठावे लागते. गाव कागल, बावडा, विशाळगड किंवा इचलकरंजी जहागिरीतले असेल, तर त्या जहागिरीचे दप्तर आधी विचारावे; कित्येकांची मेहनत चुकीच्या दप्तरात वाया जाते.

इथून पुढे मोडी, म्हणजे जुन्या कागदांची जलद लिहायची लिपी. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत. म्हणून अनोळखी नाव एका जागी वाचून ठरवू नये. त्याच हाताने लिहिलेल्या दुसऱ्या पानावर ते पुन्हा शोधावे.

सगळ्यात महाग पडते ती सनाची चूक. जुन्या कागदांवर फसली आणि सुहूर अशी दोन सने येतात. इसवी सन काढायला फसली सनात जून ते डिसेंबरसाठी ५९० आणि जानेवारी ते मेसाठी ५९१ मिळवावे. सुहूर सनात हेच आकडे ५९९ आणि ६००. दोन्ही सने मृगाला बदलतात, पण त्यांत ९ वर्षांचे अंतर आहे. सुहूर सन अरबी शब्दांत येतो: ‘आर्बा आर्बैन मयातैन व अलफ’ म्हणजे ४ + ४० + २०० + १००० = १२४४, अर्थात इ.स. १८४३-४४. नुसता १२४४ हा आकडा फसली समजून वाचलात, तर माणूस ९ वर्षे मागे जातो आणि बापाच्या जागी मुलगा बसतो.

बाप-मुलाची अदलाबदल आधीच सोपी असते, कारण नातवाला आजोबांचे नाव ठेवतात. ‘राणू बिन सखाराम’ (बिन म्हणजे मुलगा; सखारामचा मुलगा राणू) आणि ‘सखाराम बिन राणू’ हे आळीपाळीने येत राहतात. त्यांना वेगळे करते जमीन: गट किंवा सर्व्हे नंबर, हिस्सा, आकार (म्हणजे शेतसारा). वेगवेगळ्या कामांसाठी लिहिलेले दोन कागद जुळल्याशिवाय पिढी जोडू नये.

हेळवी, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी सांगत फिरणारे लोक, दारी आले, तर त्यांच्याकडची वंशावळ जरूर उतरवून घ्या. नावांचा क्रम आणि मूळ गाव यांसाठी ती मोलाची आहे. साल मात्र कागदावरूनच ठरवावे.

बायकांसाठी ‘कोम’ हा शब्द शोधा. ‘गोदू कोम राणू’ म्हणजे राणूची बायको. नवरा वारल्यावरच्या वारस नोंदीत तिचे नाव बहुधा पहिल्यांदा दिसते.