क्लिकनंतर विक्री झाली, पण क्लिकमुळे झाली का?

समजा, दादरच्या एका साडीच्या दुकानाने ऑनलाइन विक्री सुरू केली आहे. डोंबिवलीची एक बाई संध्याकाळच्या लोकलमध्ये मोबाइलवर त्या दुकानाच्या पैठणीची जाहिरात बघते आणि क्लिक करते. त्याच क्षणी वेबसाइटच्या पत्त्याला अक्षरं आणि अंकांचा एक लांबलचक क्रमांक जोडला जातो. गूगलच्या जाहिरातींत त्याला ‘जीक्लिड’ म्हणतात. दुकानाच्या वेबसाइटवरचा टॅग, म्हणजे एक छोटा प्रोग्राम, हा क्रमांक ब्राउझरमध्ये कुकी म्हणून, म्हणजे वेबसाइटने ठेवलेली छोटीशी नोंद म्हणून, साठवतो. पुढे तिने ऑर्डर दिली की ‘धन्यवाद’ म्हणणारं पान उघडतं. तिथला टॅग तोच क्रमांक साडीच्या किमतीसह गूगलला कळवतो आणि दुकानाच्या जाहिरातींच्या खात्यात एक कन्व्हर्जन, म्हणजे जाहिरातीमुळे झालेली विक्री अशी नोंद, जमा होतं.

नेटस्केप या सुरुवातीच्या ब्राउझर कंपनीच्या लू मोंटुली यांनी 1994 मध्ये कुकी तयार केली ती वेबसाइटला आलेला माणूस लक्षात राहावा म्हणून. वेबवरच्या सुरुवातीच्या बॅनर जाहिरातीही त्याच वर्षीच्या. पुढे या दोन्हींची सांगड घातली गेली.

पण हा धागा फार लवकर तुटतो. त्या बाईने साडी मोबाइलवर पाहिली आणि मागवली ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून, तर मोबाइलमधली कुकी तिथे नसते. किंवा शनिवारी ती दादरला उतरली, पदर हातात घेऊन पाहिला आणि यूपीआयने पैसे देऊन मोकळी झाली. दुकानात विक्री झाली, जाहिरातीच्या खात्यात शून्य. अशा वेळी बिलावरचा मोबाइल नंबर हॅश करून, म्हणजे मूळ नंबर वाचता येणार नाही अशा सांकेतिक रूपात, पाठवून जुळणी करता येते. त्यासाठी गिऱ्हाइकाची संमती मात्र आधी घ्यायला हवी.

उलटी चूकही होते. कॅश ऑन डिलिव्हरीची ऑर्डर नोंदली गेली, कन्व्हर्जन मोजलं गेलं आणि चार दिवसांनी पार्सल परत आलं. दुकानाने रद्द झालेली ऑर्डर स्वतःहून कळवली नाही, तर ती विक्री कागदावर तशीच राहते. शिवाय जाहिरातीनंतर किती दिवसांत झालेल्या विक्रीचं श्रेय घ्यायचं, याची प्रत्येक कंपनीची मुदत वेगळी. गूगल सहसा क्लिकनंतरचे 30 दिवस धरतं. फेसबुक आणि इन्स्टाग्रामची कंपनी मेटा क्लिकनंतरचे 7 दिवस आणि नुसती जाहिरात दिसली असेल तरी 1 दिवस. त्यामुळे एकाच पैठणीचं श्रेय दोघंही घेऊ शकतात. दोन्ही अहवालांची बेरीज दुकानाच्या खऱ्या विक्रीपेक्षा जास्त भरली, तर कारण बहुतेक वेळा हेच असतं.

आणि हे सगळं बिनचूक जुळलं, तरी मुख्य प्रश्न उरतोच. ती बाई जाहिरातीशिवायही आली असती का?

ईबे या ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या वेबसाइटच्या संशोधकांनी हे करून पाहिलं. लोक ‘ईबे’ असं नाव टाइप करून शोधत, तेव्हा वर दिसणारी स्वतःची जाहिरात कंपनीने 2012 मध्ये काही सर्च इंजिनांवर बंद केली. जाहिरातीतून येणाऱ्यांपैकी 99.5 टक्के लोक खालच्या फुकट लिंकवरून तसेच आले. त्याआधी त्या प्रत्येक क्लिकचे पैसे मोजले जात होते, आणि त्यानंतरची खरेदी जाहिरातीच्या खात्यावर पडत होती. म्हणून मी कन्व्हर्जनच्या आकड्याला पुरावा मानत नाही. जाहिरात दाखवली तिथे आणि दाखवली नाही तिथे विक्रीत किती फरक पडला, हे मोजायला हवं.

आपल्या दुकानालाही हे जमेल. फक्त विरारला जाहिरात बंद आणि दादरला चालू, अशी वाटणी करू नये. विरारचा माणूस दिवसभर दादरला असतो, जाहिरात त्याला तिथे दिसते आणि पार्सल जातं विरारच्या पिनकोडवर. दोन्ही गट एकमेकांत मिसळतात. त्यापेक्षा काही आठवडे नाशिकला जाहिरात चालू ठेवावी, कोल्हापूरला बंद करावी, आणि दोन्हीकडच्या ऑर्डर त्यांच्याच आधीच्या आठवड्यांशी ताडून पाहाव्यात. परत आलेली पार्सलं वजा करून. आणि दिवाळी किंवा लग्नसराई तोंडावर असताना हा प्रयोग करू नये, कारण तेव्हा दोन्ही शहरांची विक्री आपापल्या गतीने चढते आणि जाहिरातीचा वाटा त्यातून वेगळा काढता येत नाही.